एक्सपी, ७ आणि आता १० : सपोर्ट संपलेल्या विंडोजवर दुकान कसं चालवायचं?

शाईवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इचलकरंजीजवळ आमचा छोटा प्रेस आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळीच्या आधी एकदोन अंक. दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिघांचाही सपोर्ट संपलाय.

पहिला एक्सपी. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर. त्याचं हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर चोरून वापरू नये म्हणून दिलेलं कुलूप) मागच्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसतं. लॉक निघालं की मराठी टायपिंग बंद. दुसरा विंडोज ७, डिझाइनच्या कोरल सॉफ्टवेअरसाठी. तिसरा विंडोज १०, सहाव्या पिढीचा आय-५. मेल, व्हॉट्सॲप, जीएसटी, बँक सगळं त्याच्यावर. ११ त्यावर चढत नाही.

सर्व्हिसिंगला येणारा मुलगा म्हणतो, तिन्ही भंगारात घाला. मशीन घालीन हो, पण वीस वर्षांच्या पेजमेकरच्या फायली कुठे घालू? दरवर्षी त्याच संस्था येतात, मागच्या अहवालात आकडे बदलून द्या म्हणतात. ती फाइल उघडलीच पाहिजे.

जाणकारांनी सांगावं : हे सगळं वापरात ठेवायचं तर नक्की काय काळजी घ्यायची? घाबरवू नका, पण थापही मारू नका.

चिमणराव_२.०

नवीन घ्या की राव. तीस-पस्तीस हजारांत बरा पीसी येतो. एवढ्या पत्रिका छापता!

शाईवाला

पीसी येतो, त्याला प्रिंटर पोर्ट येत नाही. आणि ६४ बिटच्या विंडोजवर त्या लॉकचा ड्रायव्हरच नाही. फाँटवाल्यांकडे चौकशी केली, ते म्हणाले नवीन व्हर्शन घ्या. तेही घेतलं असतं, पण त्यात जुनी फाइल उघडली की ओळी सरकतात. शंभर पानांचा अहवाल पुन्हा लावायचा म्हणजे नव्यानेच टाइप केल्यासारखं.

राउटर_राजे

पुण्यात लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो, म्हणून लिहितोय.

सपोर्ट संपला म्हणजे त्या दिवशी मशीन बिघडत नाही. फक्त त्यानंतर सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे तुमच्या एक्सपीवर दहा-बारा वर्षांची भोकं उघडी आहेत. पण भोकातून आत यायला वाट लागते, आणि ती वाट बहुतेक वेळा नेटवर्क, ब्राउझर, मेल नाहीतर पेनड्राइव्ह असते. मशीन टाकू नका, वाट बंद करा.

तुमच्या तिन्ही मशीनांचे प्रश्न वेगळे आहेत. एक्सपीला इंटरनेटची गरज शून्य. ७ ला जवळजवळ शून्य. १० ला पूर्ण गरज. पैसा आणि डोकं खर्च करायचं ते १० वर.

आयटीतला_आण्णा

राउटर_राजे, सौम्य लिहिताय. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस विसरलात? मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठी पॅच (भोक बुजवणारा अपडेट) काढावा लागला होता. आणि धंद्याच्या ठिकाणी तुम्ही एक्सपी ठेवा म्हणताय!

राउटर_राजे

विसरलो नाही, उलट तेच उदाहरण देतो. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला सुटला. तो ज्या भोकातून घुसला ते बुजवणारा पॅच १४ मार्चलाच आला होता. बळी गेले त्यांतली बहुतांश मशीनं विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. एक्सपीवर तो नीट चालतच नव्हता, बऱ्याचदा निळी स्क्रीन येऊन मशीन बंद पडायचं. दोन महिने अपडेट न टाकणाऱ्यांना सपोर्ट असून काय उपयोग झाला?

याचा अर्थ एक्सपी सुरक्षित आहे असा नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, रिमोट डेस्कटॉपमधलं (दुरून मशीन चालवायची सोय), तेव्हाही एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच द्यावा लागला. धागाकर्त्यांनी हे दोन्ही पॅच पेनड्राइव्हवरून टाकून घ्यावेत आणि रिमोट डेस्कटॉप बंद ठेवावं.

उरणकर

२०१७ निघालंच आहे म्हणून. त्याच वर्षी जूनच्या शेवटी नॉटपेट्या व्हायरस आला आणि आमच्या इथे जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम अडकलं होतं. त्याची खोड अशी की एका मशीनवर शिरला की तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच वापरून शेजारच्या पॅच केलेल्या मशीनवर जायचा. म्हणून तिन्ही मशीनना एकच ॲडमिन पासवर्ड असेल (असणारच!) तर आधी तो बदला.

शाईवाला

एकच आहे. दुकानाचं नाव आणि १२३. बदलतो.

आण्णांचा_मित्र

आता सगळ्या महाराष्ट्राला कळला तुमचा पासवर्ड. हलके घ्या.

बँकेतली_मावशी

एटीएम मशीनं वर्षानुवर्षं एक्सपीवरच चालायची. २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं : सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव मशीनं बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी. सपोर्ट संपून चार वर्षं उलटल्यावर. तेव्हा शाईवाले, लाजू नका. आमच्या शाखेच्या बाहेरचं मशीन हँग झालं की ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश दिसायचं, ग्राहक फोटो काढायचे.

राउटर_राजे

मुद्द्यावर येतो. एक्सपीचं असं करा.

सगळ्यात सोपं म्हणजे नेटवर्कची वायर काढून टाका. ते जमत नसेल, तिथून दुकानातल्या प्रिंटरला छापायचंच असेल, तर आयपी (मशीनचा नेटवर्कमधला पत्ता) हाताने भरा आणि गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, रकाना मोकळा सोडा. डीएनएसही मोकळा. मग ते मशीन दुकानातल्या प्रिंटरशी बोलेल, इंटरनेटवर जाऊ शकणार नाही. पण दुकानातलंच दुसरं मशीन बाधित झालं तर ते एक्सपीवर चढू शकतं, म्हणून फायरवॉल चालूच ठेवा.

फायली १० वर न्यायच्या तर फोल्डर शेअर करायला जाल आणि चालणार नाही. एक्सपीला एसएमबीची (विंडोज मशीनं फायली शेअर करायला वापरतात ती भाषा) फक्त पहिली आवृत्ती येते, आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलमध्ये ती बंद असते. यूट्यूबवर पन्नास जण सांगतील की कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एसएमबी १ ची खूण करा. करू नका. वॉनाक्राय शिरला तो ह्याच दारातून. जुन्याच्या सोयीसाठी चांगल्या मशीनचं दार काढून ठेवण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा एक पेनड्राइव्ह फक्त ह्याच कामाला ठेवा, एक्सपीवर ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आतलं आपोआप चालणं) बंद करा, आणि गिऱ्हाईकाने आणलेला पेनड्राइव्ह कधीच थेट एक्सपीला लावू नका. तो आधी १० वर लावायचा, विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसने तपासायचा, मग हवी ती फाइल आपल्या पेनड्राइव्हवर.

शाईवाला

गिऱ्हाईक पेनड्राइव्ह आणतंच कुठे आता, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतंय. पण हे पटलं, सरळ आहे. एक अडचण : एक्सपी चालू केला की तारीख २००२ दाखवतो. रोज बदलायची म्हणजे वैताग.

जुनेपान

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, रुपयासारखा गोल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलण्याआधी बायॉसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सेल निघाला की सेटिंग मूळपदावर जातात. विशेषतः हार्डडिस्कचा मोड. आयडीईचा एएचसीआय झाला तर एक्सपी उठताना निळी स्क्रीन देईल, शेवटी ७बी असा आकडा असतो. लोक तेवढ्यावरून डिस्क गेली समजतात. मोड परत आयडीई केला की उठतो.

पेठेतला_पुस्तकी

तारखेवरून आठवलं. ७ वर किंवा जुन्या मशीनवर चांगल्या साइटही 'असुरक्षित' दाखवतात, त्याची दोन कारणं. एक तर तारीख चुकलेली. दुसरं म्हणजे साइट खरी आहे हे पटवणाऱ्या विश्वासू प्रमाणपत्रांची यादी जुनी. साइटना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा जगभर जुन्या यंत्रांवर हाच गोंधळ झाला होता.

ब्राउझरचं म्हणाल तर ७ वर क्रोम १०९ ला थांबलं. फायरफॉक्सची ११५ ची ईएसआर (दीर्घ मुदतीची) आवृत्ती जास्त टिकली, मोझिलाने तिची मुदत वेळोवेळी पुढे ढकलली. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःची बाळगतो, विंडोजवर विसंबत नाही, म्हणून जुन्या मशीनवर तो बरा. फक्त ११५ मधली शेवटची उपआवृत्ती घ्या. ११५.१३ च्या आधीच्यांवर १४ मार्च २०२५ पासून ॲड-ऑन बंद पडू लागले, त्यांच्या आतलंच एक प्रमाणपत्र संपलं म्हणून. क्रोमियमपासून काढलेलं सुपरमियम एक्सपीवरही चालतं. हौशी लोकांचं काम आहे, बँकेसाठी वापरू नये हे वेगळं सांगायला नको.

आयटीतला_आण्णा

७ नव्याने टाकायची वेळ आली तर मायक्रोसॉफ्टचं अपडेट आपोआप धावणार नाही. सर्व्हिस पॅक १ टाकल्यावर शा-२ सह्या (अपडेट खरा असल्याची डिजिटल खूण) ओळखणारे दोन अपडेट आधी हाताने टाकावे लागतात : केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९. मग गाडी पुढे जाते. लेगसी अपडेट नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे, तो एक्सपी आणि ७ चे जुने अपडेट पुन्हा मिळवून देतो. (बघा, मीही मदत करतोय.)

विठूमाउली_लिनक्स

इतका आटापिटा कशाला? विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट, हलकं, व्हायरसची भीती नाही. मी साताऱ्यात निवृत्त झाल्यावर शाळेतले जुने लॅपटॉप मिंटवर आणून दिले, पोरं मजेत वापरतायत. मराठी इनस्क्रिप्ट आतच येतं.

शाईवाला

सर, पेजमेकर चालेल त्यावर?

विठूमाउली_लिनक्स

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं) प्रयत्न करता येईल...

जुनेपान

सर, आदर आहे, पण वाइनमध्ये त्या लॉकचा ड्रायव्हर चढणार नाही. लिनक्स त्यांच्या १० वाल्या मशीनसाठी विचार करण्यासारखं आहे. आणि 'जुन्या मशीनला लिनक्स' हेही आता सरसकट खरं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिट मशीनवर इन्स्टॉल करायची सोय काढली.

विठूमाउली_लिनक्स

मान्य. पण माझे लॅपटॉप ६४ बिट आहेत आणि झकास चालतायत, हे नोंदवून ठेवतो.

आयटीतला_आण्णा

आता १० बद्दल. तीन वाटा आहेत.

एक, मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना, ईएसयू. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ३० डॉलर किंवा त्याइतके रुपये. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केलात तर फुकट. अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते, मशीन १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं. धंद्यासाठीची योजना वेगळी आहे : पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

दोन, रूफस नावाच्या टूलने हार्डवेअरच्या अटी वगळून ११ टाकणे. सहाव्या पिढीवर चालतं, मी पाहिलंय. पण त्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्याहून जुन्या, कोअर २ ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती उठतच नाही, प्रोसेसरला तिला लागणाऱ्या सूचनाच येत नाहीत.

तीन, नवीन मशीन. ११ वाला एक साधा पीसी घ्या, बँक आणि जीएसटी त्यावर न्या. तिथे जुगाड नको.

चिमणराव_२.०

म्हणजे फिरून माझ्याच उत्तरावर आलात!

आयटीतला_आण्णा

एका मशीनपुरतं. तीन नाही.

चाळीसगावचा_चाळा

१० ची 'आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१' ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जानेवारी २०३२ पर्यंत चालते. ती का नाही? ऑनलाइन तीनशे रुपयांत लायसन्स की मिळते.

राउटर_राजे

तारीख बरोबर आहे. पण ती आवृत्ती यंत्र बनवणाऱ्यांना मशीनसोबत विकायला दिलेली असते, सुटी किरकोळीत नाही. तीनशेची की म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या लायसन्समधून उचललेली. बिल मागून बघा, मिळतंय का. दुकानाच्या मशीनवर नको.

आणि लक्षात असू द्या, एज ब्राउझर आणि डिफेंडरची व्हायरस-यादी १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. त्याने विंडोजची भोकं बुजत नाहीत, पण ईएसयूसोबत ते चांगलं जमतं.

अक्षरजुळणी

उशिरा आले धाग्यावर. मी स्वतः डीटीपी करते, कोथरूडला. सगळे मशीनबद्दल बोलतायत, पण शाईवाल्यांची खरी अडचण फायलींची आहे. तो एक्सपी उद्या वीज पडून गेला तर?

जुने मराठी फाँट युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत. आत इंग्रजी अक्षरांच्याच जागा आहेत, वरून चित्रं मराठीची. त्यामुळे फाइल दुसरीकडे उघडली की कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. जुन्या फाँटात दिसतं तसं टाइप होतं : 'चि.' लिहिताना आधी वेलांटी, मग च. युनिकोडमध्ये च आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट : 'कार्य' मध्ये जुन्या फाँटात रफार य नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. साधे शब्द कन्व्हर्टर नीट वळवतो. 'कार्यकर्त्यांनी' किंवा 'दुसऱ्या'ला अडखळतो. आणि आकडे! जुन्या फाँटातला मराठी ५ हा आत इंग्रजी ५ असतो, म्हणून वळवल्यावर ताळेबंदात अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी होतात. लेखापरीक्षकाच्या हातात तसा अहवाल गेला तर गिऱ्हाईक गेलं समजा.

माझी पद्धत अशी : सगळं एकदम वळवायचं नाही. जी संस्था यंदा अहवाल घेऊन येईल तिची फाइल यंदा वळवायची, पुढच्या वर्षीपासून ती युनिकोडमध्ये. जी येतच नाही तिची फक्त पीडीएफ काढून ठेवायची, फाँट आत बसवून. एक्सपीवर पीडीएफचा जुना व्हर्च्युअल प्रिंटर टाकला की होतं.

शाईवाला

ताई, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पेजमेकरची फाइल पेजमेकरशिवाय कशात उघडते का?

अक्षरजुळणी

पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत उघडायची, नंतर त्यांनी ती सोय काढली. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडते, मांडणी विस्कटते पण मजकूर बाहेर येतो. तेवढ्यासाठी विठूमाउली सरांचं मिंट कामी येईल, त्यात लिबरऑफिस आधीच असतं.

विठूमाउली_लिनक्स

बघा, म्हटलं होतं!

फ्रीमाँटकर

अवांतर : मॅकवाल्यांसाठी, जुन्या मॅकवर नवी आवृत्ती चढवणारं ओपनकोअर लेगसी पॅचर आहे. माझा २०१२ चा मॅकबुक प्रो ॲपलच्या हिशोबाने कॅटालिना आवृत्तीवर संपला होता, त्या पॅचरने पुढची मॉन्टेरे चालवतोय. आईशी व्हिडिओ कॉलला पुरतो.

जुनेपान

अक्षरजुळणींच्या 'वीज पडली तर'ला उत्तर. एक्सपीच्या डिस्कची आजच क्लोनझिलाने पूर्ण प्रत काढा, बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क एरवी कपाटात. मग सवडीने सिसइंटर्नल्सच्या डिस्क२व्हीएचडीने त्याच मशीनची व्हर्च्युअल प्रत करा आणि नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) उठवा. तिथे नेटवर्क बंदच ठेवायचं. एक्सपी ॲक्टिव्हेशन पुन्हा मागेल, त्याची तयारी ठेवा.

जुनी डिस्क बदलून एसएसडी घालायची असेल तर तिचं विभाजन विंडोज ७ च्या डिस्कने करून घ्या. एक्सपी ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो, ते एसएसडीला जुळत नाही.

शाईवाला

क्लोनझिलाची प्रत काल रात्री काढली. व्हर्च्युअलबॉक्सचं पटतंय, पण लॉकचं काय? यूएसबीचं प्रिंटर पोर्ट करणारी केबल तीन-चारशेला मिळते, ती लावून चालेल?

जुनेपान

नाही. ती केबल फक्त प्रिंटर ओळखते. लॉकला खरा पोर्ट लागतो, जुन्या ३७८ पत्त्यावरचा. नव्या पीसीत पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड टाकता येतं, पण त्याचा पत्ता बहुधा वेगळा येतो आणि काही लॉक तिथेच अडतात. कार्ड परत घेईल अशाच दुकानातून घ्या. व्हीएमवेअर हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर खरा पोर्ट आतल्या एक्सपीला जोडून देतो, तेव्हा लॉकसाठी व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा ते बघा. तोवर आताचा बोर्ड जपा. तसलाच दुसरा सुटा बोर्ड जुन्या बाजारात मिळाला तर उचलून ठेवा.

शाईवाला

जी ३१ चा बोर्ड आहे. इचलकरंजीत मिळेल एखादा, नाहीतर कोल्हापुरात विचारतो. सेल उद्या बदलतोय. बायॉसमध्ये पोर्टचा मोड ईसीपी दिसतोय, कुणी म्हणतं लॉकला एसपीपी हवा. बदलू का?

जुनेपान

चालू लॉकला हात लावू नका. ईसीपी, पत्ता आणि आयआरक्यू, तिन्ही कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल बदलल्यावर तेच परत भरायचं.